उशीत लावलेली सुई

शालन,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला जो तो माझ्याजवळ येऊन एकच सांगत होता, शालनबाईंचा हात हलका होता. मी मान डोलावत राहिले. खरं तर तुझा हात काही हलका नव्हता. नर्स असताना तू इंजेक्शन दिलंस की माणूस दोन दिवस एका कुशीवर झोपायचा. तू सुया कमी लावायचीस, एवढंच. पण बुद्धवंदना चालू असताना हे कुणाला समजावत बसू? तुझ्याशी जे भांडायचं राहिलं होतं ते तसंच परत घेऊन घरी आले.

कर्जतच्या दवाखान्यात आपण दोघी सिस्टर होतो, तेव्हा मुंबईत एक वयस्क डॉक्टर रविवारी अॅक्युपंक्चर शिकवतात असं तुला कुठून तरी कळलं. "चल, बघून तर येऊ," म्हणालीस. बघायला म्हणून गेलो आणि वर्षभर जात राहिलो. शेवटच्या दिवशी सरांनी भिंतीवर लावायचा एक तक्ता दिला. त्यावर एक उघडा माणूस, डोक्यापासून टाचेपर्यंत ठिपक्यांनी भरलेला. डोळे होते, पण चित्रकाराने त्यात बुबुळं काढली नव्हती. पुढे शिळफाट्याच्या एका डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यामागची खोली आपल्याला दुपारची वापरायला दिली, आणि तो माणूस तिथल्या भिंतीवर गेला. पहिल्याच दिवशी एका म्हातारीने विचारलं, "याला देवी आल्या हुत्या का गं?" तू म्हणालीस, "हो आजी. पण वाचला."

सर सांगायचे, एका दुखण्याला सहा ते दहा सुया. मी दहाच्या अलीकडे कधी थांबले नाही. गुडघा म्हटला की गुडघ्याभोवती, पायावर, हातावर, कानात. तूही सुरुवातीला माझ्या बरोबरीने लावायचीस. मग तुझ्या सहावर आल्या, मग तीनवर. नंतर नंतर तू एकच सुई घेऊन पेशंटच्या मनगटावर बोटं ठेवून नुसती बसायचीस, आणि बाहेर बाकावरच्या बायका मला खुणेने विचारायच्या, त्या बाईंचं काय चाललंय.

"सरांनी काही विचार करूनच सांगितलं असेल ना?" मी म्हणायची.

"दहा जणांनी एकदम हाक मारली तर तू कुणाला ओ देशील?"

"आणि एकानेच मारली, ती ऐकूच आली नाही, तर?"

"तर त्याने थांबायचं. परत मारायची."

एकदा मी जरा लागेल असंच विचारलं होतं, की बरं वाटतं ते तुझ्या सुईने, की तू जवळ बसतेस म्हणून? तू चिमट्याने उकळत्या पाण्यातून सुया काढत होतीस. सगळ्या काढून झाल्यावर म्हणालीस, "ते दोन वेगळं करता येत असेल तर तू करून दाखव." मला आजपर्यंत जमलेलं नाही.

सुई बरोबर जागी गेली की आतलं मांस तिला धरतं. पाताळगंगेत गळ टाकून बसलेल्याला मासा लागल्याचं बोटाला कळतं, तसं ते लावणाऱ्याच्या बोटाला कळतं. 'धरली', असं आपण म्हणायचो. माझ्या दहांपैकी तीन-चार धरायच्या आणि तेवढ्यावर माझं काम भागायचं. तुझी एक धरेपर्यंत तू जागची हलायची नाहीस. पंखा बंद पडो, डॉक्टर हाक मारोत, बाहेर ठाकरणी करवंदांचे द्रोण घेऊन येवोत. मी तुझ्या वाटणीची करवंदं घेऊन ठेवायची आणि तू उठेपर्यंत ती मऊ पडलेली असायची.

बाळाराम आला तो ऐन वैशाखात. लोधिवलीच्या जवळच्या गावचा, तिशीचा माणूस. एका कारखान्यात रोलरवर कामाला होता. डावा हात कोपराच्या खाली चार बोटांवर संपलेला. त्याला वर्ष होऊन गेलं होतं, जखम छान भरून आली होती. दुखत होता तो नसलेला हात.

"मूठ सुटत नाय, बाय," तो म्हणाला. "मशीनीत गेला तवा मूठ वळलेली हुती. तशीच ऱ्हायली हाय. नखं आत रुतल्यात."

त्याची बायको सुंदरा दारातच उभी होती. आत ये म्हटलं तरी आली नाही. तिथूनच तिने सांगितलं, "थंडीत घोंगडं टाकताना म्हनायचे, हातावर टाक, गारठलाय. मी टाकायची. लेक त्या अंगाला बसत नाय. बाबाचा हात चेंगरंल म्हनते. आता मला बी सवय लागली. झाडताना मी तेवढी जागा सोडून झाडते."

हे सांगताना तिला रडू आलं नाही, की लाजही वाटली नाही. घरातल्या आणखी एका माणसाबद्दल सांगावं तसं सांगत होती. मी तुझ्याकडे पाहिलं. तू बाळारामच्या थोटकाकडे बघत नव्हतीस. त्याच्या थोडं पुढे, जिथे काही नव्हतं, तिथे बघत होतीस.

मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात त्याला दाखवून झालं होतं. आतली शीर दुखते आहे, कोपराच्या वर आणखी कापून बघू, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पाऊस लागायच्या आधीची तारीखही ठरली होती. कोपर होता तोवर तो थोटकाखाली पेंढ्याचा भारा दाबून धरू शकत होता, लेकीला कडेवर घेऊ शकत होता. कोपर गेला की तो हात संपलाच असता. आणि एवढं करून दुखणं जाईल असं छातीवर हात ठेवून कुणी सांगितलं नव्हतं.

पहिले पंधरा दिवस त्याला मी बघितलं. एक बाजू गेली असेल तर सुया चांगल्या बाजूला लावायच्या, असं सरांनी शिकवलं होतं. तशा त्याच्या उजव्या हाताला लावल्या, कानातही लावल्या. आणि त्याची उजवी मूठ वळायला लागली. झोपेत. एका दुपारी सुंदराने त्याचा उजवा तळवा उघडून माझ्यापुढे धरला. त्यावर चार नखांच्या चार खुणा होत्या, रक्त साकळलेल्या.

"दुसऱ्याला बी लागलं की वो," ती म्हणाली.

मी ट्रे झाकला आणि तुला आत बोलावलं.

त्या दुपारी वीज गेलेली होती. घाट उतरून आलेले ट्रक एरवी बाहेर घरघरत उभे असायचे, त्या दिवशी तेही नव्हते. तू बाळारामला पलंगावर उताणं निजवलंस, त्याच्या डाव्या अंगाला एक उशी ठेवलीस आणि म्हणालीस, "हात ठेव यावर. तळवा वर कर."

त्याने खांदा उचलला, थोटूक जरा फिरवलं आणि टेकवलं. थोटूक उशीपर्यंत पोचतच नव्हतं. मध्ये वीतभर नुसती गादी होती.

"ठेवला?"

"ठेवला."

"डोळे मीट."

मी उशीच्या बाजूला ट्रे धरून उभी होते. माझ्याकडे न बघता तू म्हणालीस, "विजू, मागे हो. त्याच्या बोटांना टेकली आहेस."

मी मागे झाले. शालन, मी विचार करून मागे झाले नाही. माझे पायच गेले.

तू सुई घेतलीस. आपण तळव्यावर बोट फिरवून जागा शोधतो तशी उशीवर शोधलीस. एकदा जरा खाली आलीस, परत वर गेलीस. मग लावलीस. त्याचे डोळे मिटलेलेच होते आणि तुझा हात त्याला कुठेही लागलेला नव्हता. तरी त्याने दातांतून श्वास ओढला आणि म्हणाला, "हळू, बाय."

कापसात खोचलेली सुई सैल असते, कलते. ती कलली नाही. तू दांडी चिमटीत धरून फिरवू गेलीस तर ती फिरेना. "धरली," तू म्हणालीस, अगदी रोजच्यासारखं. तुझ्या दुसऱ्या हाताची तीन बोटं उशीच्या कडेशी हवेत टेकलेली होती, मनगट असायला हवं तिथे, आणि तुझे ओठ हलत होते. तू नाडी मोजत होतीस.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. बाहेर बाकावरची एक बाई खोकली आणि मला तिचा राग आला.

"अंगठा सुटला," बाळाराम म्हणाला. मग बराच वेळ काही नाही. मग एकेक बोट. प्रत्येक बोटाला तो नुसता "हां" म्हणायचा. शेवटी म्हणाला, "करंगळी ऱ्हायली."

"राहू दे ती. बाकीची पसरून ठेव. घाम वाळू दे."

सुंदरा उंबऱ्यावर बसली.

तू सुई काढलीस. आपण कातडीवर दाबतो तसा स्पिरिटचा बोळा उशीवर दाबून धरलास, मग उचललास, त्याच्याकडे पाहिलंस, आणि मुठीत मिटून बादलीत टाकलास.

तारखेला बाळाराम मुंबईला गेला तो ऑपरेशन नको म्हणून सांगायला. कोपर वाचला. पुढच्या वर्षी मला तो रस्त्यात दिसला, लेक कडेवर, त्याच हाताच्या आधाराने. लेक त्या बाजूला बसलेली पाहून मी तिथेच थांबले. त्याने विचारलं, "शालनबाय बऱ्या हायत ना?" मी म्हटलं, बऱ्या आहेत. आपलं बोलणं तेव्हा जवळजवळ बंद होतं.

त्याचं कारण त्याच दुपारचं. ते दोघं गेल्यावर मी तुला विचारलं, "हे काय होतं?"

"सुई."

"कुठे लावलीस?"

"दुखत होतं तिथे."

"तिथे उशी होती, शालन."

मी आणखी चिडले. मी म्हटलं, दीक्षा घेतली तेव्हा माझ्या बाबांनी घरातले देव टोपलीत घालून पाताळगंगेत सोडले. आई रडत होती तरी सोडले. भगत, उतारे, अंगात येणं, सगळं त्या दिवशी घराबाहेर गेलं. आणि आता तू नसलेल्या हाताची नाडी बघतेस. उद्या लोक नारळ घेऊन येतील.

"माझ्याही बापाने सोडले," तू म्हणालीस. "मी भूत नाही बघितलं, विजू. दुःख आहे, हे आपण विहारात रोज म्हणतो. ते कुठे आहे हे ज्याचं त्याने सांगायचं. त्याने सांगितलं, मी तिथे लावली."

"मग बोळ्यावर काय होतं?"

"काही नाही."

"दाखवला का नाहीस?"

"बादली तिथेच आहे. बघ."

मी नाही बघितली. बादलीतला कचरा जाळायला नेला तेव्हाही मी तोंड फिरवून उभी होते. लाल ठिपका दिसला असता तर मी त्या खोलीत पुन्हा पाऊल ठेवलं नसतं. आणि बोळा पांढराच निघाला असता तर तू मुद्दाम मुठीत लपवलास हे मला कळलं असतं, आणि तुझ्याबरोबर काम करणं मला जमलं नसतं. दोन्हींतलं काहीच मला नको होतं. तू असेपर्यंत ते पुन्हा विचारायचं राहिलं, आणि मला वाटतं तुला ते माहीत होतं.

नारळ कुणी आणला नाही, पण लोक आले. एक बाई नवऱ्याचा सदरा घेऊन आली. नवरा विहिरीत पडून गेलेला, त्यालाही बरेच दिवस झाले होते. "त्यांचं पोट लई दुखायचं," ती सांगत होती. "अजून दुखतंय. दुपारचं कन्हतात. ह्या सदऱ्याला एक सुई लावा, बाय."

तू सदरा घेतलास. मांडीवर पसरलास, बटणं लावलीस, पोटाच्या जागी हात ठेवलास आणि डोळे मिटलेस. मी दारात होते. आता लावणार, असंच वाटलं. बऱ्याच वेळाने तू सदऱ्याची घडी घातलीस आणि तिच्या हातात दिलीस.

"यांना दुखत नाही आता, बाई. दुखतंय ते तुम्हाला. झोपा इथे."

तिच्या पायाला तू एक सुई लावलीस. ती बाई त्या पलंगावर घोरायला लागली. मीच मग चहा मागवला, आणि आपण पुन्हा बोलायला लागलो. चहा पिताना मी विचारलं, "त्याला दुखत नाही, हे तुला कसं कळलं?"

"हाताला काही लागलं नाही."

"म्हणजे उशीवर लागलं होतं?"

तू कप विसळायला उठलीस.

तुझी भीती वाटायची मला, हे आता सांगून टाकते. पण त्याच खोलीत मी माणसाजवळ बसायला शिकले. त्याआधी मी सुया लावायची आणि पुढच्या पेशंटकडे जायची. तुझ्यामुळे माझ्या दहाच्या सात झाल्या, हे तुला माहीत होतं. तू ते कधी बोलून दाखवलं नाहीस, याबद्दल तुझे उपकार मानते.

मग तुझी डावी बाजू गेली. तू एकटी राहायचीस, म्हणून तुला खालापूरला माझ्याकडे आणलं. जीभ ठीक होती, आठवण ठीक होती, माझ्या नातवंडांची नावं तुला पाठ होती. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी तू मला हाक मारलीस आणि विचारलंस, "विजू, हा कुणाचा हात ठेवलाय माझ्या अंथरुणात?"

"तुझाच आहे गं."

"माझा नाही. बघ किती गार आहे. कुणी बाई राहिलीय इथे. तिला घरी सोडून ये."

अशा आजारात मेंदू ती बाजू विसरतो, डॉक्टरांनी समजावलं. मला ते आधीच माहीत होतं, मीही जन्म वॉर्डातच काढलेला. पण दुपारी सगळे कामावर गेले की त्या खोलीत तू, मी आणि ती, अशा तिघी उरायचो. तू कधी डावीकडे मान वळवली नाहीस. ताटातला डावीकडचा भात तसाच राहायचा. "तिला राहू दे," म्हणायचीस.

मी तुला सुया लावायला घेतल्या. कसल्या सात नि कसलं काय, घाबरून परत दहावर गेले. खांद्यापासून बोटांपर्यंत ओळीने लावल्या. तू छताकडे बघत म्हणालीस, "एवढ्या कशाला टोचतेस गं तिला? बिचारी बोलत नाही म्हणून?"

मी सगळ्या काढल्या. एकही धरलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकच घेतली. तुझा डावा हात मांडीवर घेतला, अंगठ्याजवळची जागा शोधली, लावली, आणि मनगटावर बोटं ठेवून बसले. मी आयुष्यात कुणाजवळ एवढा वेळ बसलेली नाही. शेजारचा रेडिओ लागला, बंद झाला. कौलाच्या काचेतून पडलेलं ऊन जमिनीवरून सरकत पलंगाच्या पायापाशी आलं. माझी पाठ भरून आली. सरांनी सांगितलेली वेळ केव्हाच होऊन गेली होती. आणि मग माझ्या बोटाला कळलं. आतून कुणीतरी हलकेच ओढलं.

तू मान डावीकडे वळवलीस. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"आली," तू म्हणालीस.

"कोण?"

"दमलीय खूप. विजू, तिला चहा दे."

मी केला, शालन. का केला ते विचारू नकोस. दोन कप भरले. तुझा तुझ्या उजव्या हातात दिला आणि दुसरा डावीकडे स्टुलावर, तुझ्या हातापाशी ठेवला. बशी आणायला वळले. परत आले तर तुझी डावी बोटं त्या कपाच्या कानात होती. उचलत नव्हती, नुसती धरून होती. कपाला हात लावून बघितला, चटका बसला. तुझी बोटं हलली नाहीत. तू आपला चहा पीत होतीस आणि पाहुण्याकडे बघावं तशी तिकडे बघत होतीस. हळू आवाजात तू काहीतरी विचारलंस, थांबलीस, आणि "हं" म्हणालीस. मी इतकी जवळ होते, तरी मला एक शब्द कळला नाही.

चहा संपल्यावर तू म्हणालीस, "काढ आता सुई. तिला लांब जायचंय."

"राहू दे ना थोडी. धरली आहे."

"काढ, विजू."

ती सुटेना. मांसाने घट्ट धरलेली होती. मला जोर लावावा लागला. निघाली तशी तुझी बोटं कपाच्या कानातून सैल झाली आणि हात पांघरुणावर पडला. तू मान परत उजवीकडे केलीस आणि झोपलीस. सकाळी मी उठवायला आले तेव्हा तू गेलेली होतीस.

आपण इतकी वर्षं सुया किती लावायच्या यावर भांडलो. किती वेळ ठेवायची, यावर एकदाही नाही. तू काढ म्हणत होतीस, आणि तुझा हात सोडत नव्हता. मी कुणाचं ऐकायला हवं होतं, शालन?